मोहरीतलं इरुसिक जावं, झणका राहावा

मोहरीच्या तेलाची बाटली उलटी करून मागची पोषणाची चौकट वाचली, तर तेल अगदी गुणी दिसतं. सॅच्युरेटेड फॅट अगदी थोडं, मोनोअनसॅच्युरेटेड साठ टक्क्यांच्या आसपास. ऑलिव्ह तेलाची सगळी कीर्ती ज्या प्रकारच्या मेदावर उभी आहे, तोच हा प्रकार, आणि प्रमाणही जवळपास तेवढंच. फरक आत आहे. ऑलिव्हमधलं हे मेद म्हणजे ओलिक आम्ल. आपल्या पारंपरिक मोहरीच्या तेलात ओलिकचा वाटा लहान असतो. एकूण तेलाच्या ४० ते ५० टक्के हिस्सा असतो तो इरुसिक नावाच्या, बावीस कार्बनची लांब साखळी असलेल्या मेदाम्लाचा. रसायनशास्त्राच्या हिशेबात तेही मोनोअनसॅच्युरेटेडच, म्हणून लेबल खोटं ठरत नाही. मात्र हा आकडा वेगळा छापण्याची सक्ती नाही आणि आपण होऊन तो कुणी छापत नाही.

इरुसिक जवळपास नसलेली भारतीय मोहरी तयार होऊन सुमारे वीस वर्षं झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे पुसाने, ‘पुसा करिश्मा’ दिली. मग ‘पुसा मस्टर्ड’ मालिकेतले २१, २२, २४, २९, ३०, ३२ असे वाण एकामागून एक आले. तरीही देशातलं मोहरीचं बहुतेक क्षेत्र अजून जुन्याच घडणीच्या वाणांखाली आहे. माझ्या मते दोष वाणांचा कमी आणि त्यांच्याभोवतीच्या व्यवस्थेचा जास्त आहे. शिवाय ज्या कसोटीवर आपण या वाणांना जोखतो, ती कसोटी परदेशातल्या वेगळ्याच गरजेतून आलेली आहे, आणि ती जशीच्या तशी उचलून आपण स्वतःचंच काम अवघड करून ठेवलं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय परका वाटू शकतो. आपल्याकडे मोहरी फोडणीत तडतडते, तिचं तेल लोणच्यापुरतं. पण बंगाल, बिहार, ओडिशा, आसाम, झारखंड, उत्तर प्रदेश, राजस्थान, हरियाणा, काश्मीर या भागांतल्या कोट्यवधी घरांत हेच रोजचं तेल आहे. आणि देशात २०२३-२४ मध्ये सुमारे १३० लाख टन मोहरी पिकली. त्याच सुमारास आपण वर्षाला १६० लाख टनांच्या आसपास खाद्यतेल बाहेरून आणत होतो. त्याचं बिल सव्वा लाख कोटी रुपयांच्या वर जातं आणि ते करडई खाणाऱ्यालाही भरावं लागतं.

आधी आरोग्याचा मुद्दा, कारण त्यात दोन्ही बाजूंनी बरंच वाढवून सांगितलं जातं.

१९६०-७० च्या दशकांत उंदरांना भरपूर इरुसिक असलेलं तेल खाऊ घातलं, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत चरबीचे थेंब साचले, आणि दीर्घकाळ खाऊ घातल्यावर स्नायूंना इजाही दिसली. ही लांब साखळी हृदयाच्या पेशींना नीट जाळता येत नाही, हे त्यामागचं कारण. उंदीर या बाबतीत विशेष कच्चा प्राणी आहे. डुकरांत परिणाम सौम्य दिसला. माणसात मोहरीच्या तेलाने हृदय बिघडल्याचा थेट पुरावा पुढे आलेला नाही. उलट, दिल्ली आणि बंगळुरूच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सूर्यफुलाचं तेल वापरणाऱ्यांपेक्षा मोहरीचं तेल वापरणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण कमी आढळलं. तेव्हा ‘मोहरीचं तेल म्हणजे विष’ असं सांगत फिरणाऱ्यांपाशी आधार नाही. अमेरिकेत हे तेल खाण्यासाठी विकायला परवानगी नाही, म्हणून तिथल्या भारतीय दुकानांत बाटलीवर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ अशी चिठ्ठी असते आणि लोक ती घरी नेऊन त्यात मासे तळतात. या चिठ्ठीवरून आपल्याकडे दर वर्षा-दोन वर्षांनी घबराट पसरवली जाते. ती व्यर्थ आहे.

पण घबराट व्यर्थ आहे म्हणून प्रश्न संपत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये इरुसिकसाठी रोजची सुसह्य मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे ७ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. आपल्या मोहरीच्या तेलाचा एकच मोठा चमचा घेतला तरी त्यात पाच ग्रॅमच्या वर इरुसिक असतं, म्हणजे मर्यादेच्या बारापट. हे वाचून दचकायला होतं. पण ही मर्यादा कशी काढली ते पाहायला हवं. प्राण्यांच्या पिल्लांमध्ये ज्या मात्रेपर्यंत हृदयात चरबी साचलेली दिसली नाही ती मात्रा, किलोमागे ७०० मिलिग्रॅम, घेऊन तिला शंभराने भागलं आहे. सुरक्षिततेसाठी इतकं अंतर ठेवणं ही जगभरची रीत आहे. आता त्या मूळ मात्रेशीच तुलना करू. साठ किलोच्या माणसासाठी ती होते ४२ ग्रॅम. दिवसाला ३० ग्रॅम मोहरीचं तेल खाणाऱ्याच्या पोटात साधारण साडेतेरा ग्रॅम इरुसिक जातं. म्हणजे प्राण्यांत जिथवर त्रास दिसला नाही त्या पातळीच्या हा माणूस एक तृतीयांशावर आहे. शंभरपट अंतराच्या जागी तिप्पट अंतर.

मुलाचा हिशेब मांडला की हे अंतर आणखी आक्रसतं. पंधरा किलोचं चार-पाच वर्षांचं मूल. त्याच्यासाठी ती मूळ मात्रा साडेदहा ग्रॅम. त्याने दिवसाभरात पंधरा ग्रॅम तेल खाल्लं तर पावणेसात ग्रॅम इरुसिक. दीडपट अंतर उरलं. युरोपच्या प्राधिकरणानेही मोठ्यांबद्दल फारशी चिंता न दाखवता लहान मुलांकडेच बोट दाखवलं होतं, आणि तिथल्या मुलांच्या ताटात इरुसिक येतं ते बिस्किटं-केकमधून, तेही किरकोळ. आपल्या मोहरीच्या पट्ट्यातल्या मुलांशी त्याची बरोबरीच नाही.

‘आजोबा-पणजोबा हेच तेल खाऊन नव्वदीपर्यंत जगले’ हा युक्तिवाद मला तुच्छ वाटत नाही. पिढ्यानपिढ्यांचा अनुभव हाही पुरावाच असतो. पण तो ज्या मात्रेचा आहे त्या मात्रेपुरताच. १९५०-५१ मध्ये भारतात माणशी वर्षाला तीन किलोच्या आत खाद्यतेल लागायचं. आता तो आकडा १९ किलोच्या पुढे गेला आहे. सहापट तेल खाणाऱ्या पिढीने पणजोबांचा दाखला देणं जरा धाडसाचंच.

थोडक्यात, इरुसिक कमी करण्याची बाजू ‘लोक मरत आहेत’ या आरोळीवर उभी नाही. सुरक्षिततेचं अंतर फार बारीक आहे, मुलांसाठी तर अतिबारीक, आणि ते वाढवण्याचा मार्ग हाताशी आहे. तोही काही न गमावता: इरुसिक गेलं की त्याची जागा मुख्यतः ओलिक आणि काही प्रमाणात लिनोलिक घेतं, आणि मोहरीचं खरं भूषण असलेलं ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल तसंच राहतं. २००४ च्या त्या अभ्यासात मोहरीच्या बाजूने कौल गेला, त्याचं श्रेय बहुधा याच आम्लाचं आहे.

आता परदेशातून आलेल्या कसोटीबद्दल. ती कॅनडाची. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या वाफेच्या इंजिनांना वंगण हवं होतं. धातूला चिकटून राहणारं रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्याच कुळातल्या तेलबीचं, तेल त्या कामाला उत्तम. युद्ध संपल्यावर एवढं तेल घालायचं कुठे, म्हणून ते ताटात आणायचा विचार सुरू झाला. जर्मनीच्या ‘लिहो’ नावाच्या चाऱ्याच्या वाणात कमी इरुसिकची झाडं सापडली. त्यातून मॅनिटोबा विद्यापीठाचे बाल्डर स्टेफान्सन आणि सस्काटूनचे कीथ डाउनी यांनी वाण घडवले. डाउनी आणि हार्वी यांनी १९६३ मध्ये सांगितलेली युक्ती मला आजही अफलातून वाटते: मोहरीएवढा दाणा भिजवायचा, त्याचं एक बीजपत्र खुडून यंत्रात घालून मेदाम्लं मोजायची, आणि उरलेल्या अर्ध्या दाण्याला कुंडीत लावून रोप वाढवायचं. वर्ष वाया न घालवता, दाणा न गमावता निवड. पहिलं कमी इरुसिकचं वाण १९६८ मध्ये आलं. मग ‘ब्रोनोव्स्की’ या पोलिश वाणाकडून दुसरा गुण घेतला, तो म्हणजे पेंडीतलं ग्लुकोसिनोलेट हे उग्रपणाच्या मुळाशी असलेलं द्रव्य कमी असण्याचा, आणि १९७४ मध्ये ‘टॉवर’ हे दोन्ही गुणांचं पहिलं वाण निघालं. तेलात इरुसिक २ टक्क्यांच्या आत आणि तेल काढलेल्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट ग्रॅममागे ३० मायक्रोमोलच्या आत, ही पुढे ‘कॅनोला’ची व्याख्या झाली. शास्त्रज्ञ हिलाच ‘डबल झिरो’ म्हणतात.

दोनातला पहिला शून्य माणसासाठी आहे. दुसरा कोंबड्या, डुकरं आणि गुरांसाठी. ग्लुकोसिनोलेट फुटून जी द्रव्यं तयार होतात त्यांनी पेंड उग्र होते, जनावरं तोंड फिरवतात, आणि जास्त खाल्ली तर थायरॉइड ग्रंथीवर परिणाम होतो. कॅनडात पेंड हाही मोठा धंदा होता. आणि तेल? ते रिफाइन करून, रंग-वास घालवूनच विकायचं होतं. कॅनडाच्या गिऱ्हाइकाला तेलाला वास नकोच होता.

आपल्या गिऱ्हाइकाचं नेमकं उलट आहे. कच्च्या घाणीच्या तेलाचा तो झणका, झाकण उघडताच नाकात चढणारा आणि डोळ्यांत पाणी आणणारा, त्या ग्लुकोसिनोलेटमधूनच येतो. घाण्यात दाणा चिरडला, थोडं पाणी शिंपडलं की दाण्यातलंच एक विकर (एन्झाइम) ग्लुकोसिनोलेटला फोडतं आणि त्यातून हा अर्क सुटतो. अ‍ॅगमार्कच्या निकषांत कच्च्या घाणीच्या तेलातला हा अर्क मोजायची तरतूद आहे. म्हणजे सरकारदरबारी झणका हा दोष नसून प्रतीचा पुरावा आहे. कोलकात्यात कासुंदीशेजारी, म्हणजे मोहरीच्या झणझणीत चटणीशेजारी, बसलेल्या माणसाला डबल झिरो मोहरीचं तेल द्या. तो ते पाम तेल समजून परत करील. त्यात त्याची चूक नाही. झणका नसणं म्हणजे भेसळ, हे त्याने पिढ्यानपिढ्यांच्या व्यवहारातून शिकलेलं आहे. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने साठाहून अधिक लोक मेले. नाकाने तेल पारखणं ही त्याच्यासाठी हौसेची गोष्ट नाही.

इरुसिक आणि झणका यांचा मात्र एकमेकांशी काही संबंध नाही. इरुसिक तेलाच्या रेणूत असतं, ग्लुकोसिनोलेट पेंडीच्या भागात. दोन्ही घडवणारी जनुकं वेगळी. एक काढून दुसरं ठेवता येतं, आणि ‘सिंगल झिरो’ वाण नेमके तेच करतात. पुसा मस्टर्ड ३० आणि ३२ हे असे वाण आहेत: इरुसिक २ टक्क्यांच्या आत, झणका जागेवर. आपल्या घरच्या स्वयंपाकाला हवं आहे ते हेच. पण संशोधनाच्या वर्तुळात सिंगल झिरोला अर्ध्या वाटेवरचा मुक्काम समजतात आणि खरा टप्पा म्हणून डबल झिरोकडे पाहतात. २०१६ च्या सुमाराला आलेलं पुसा मस्टर्ड ३१, नंतरचं ३३, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचं आरएलसी ३ ही डबल झिरो वाणं काढायला प्रजननकारांनी जी मेहनत घेतली ती मोठीच आहे, आणि निर्यातीच्या पेंडीला, कोंबडीखाद्याला, शहरातल्या रिफाइन तेलाच्या बाजारालाही त्यांचा उपयोग आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. खाणाऱ्या माणसाची गरज पहिल्या शून्याने भागते. दुसरा शून्य मिळवायला आपण चव देतो, आणि झाडाचं संरक्षणही देतो, कारण ग्लुकोसिनोलेट हे मोहरीच्या झाडाचं किडींविरुद्धचं हत्यार आहे.

ही दुसरी किंमत टाळायचा एक सुंदर मार्ग दिल्लीतच निघाला आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेतल्या नवीन बिष्ट यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘वरुणा’ या जुन्या लोकप्रिय वाणात, पानातून दाण्याकडे ग्लुकोसिनोलेट वाहून नेणारी जनुकं क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने बंद पाडली. दाण्यात ते कमी झालं, पानात भरपूर राहिलं, झाडाचं संरक्षण टिकलं. यात बाहेरचं जनुक शिल्लक नसेल तर अशा रोपांना मार्च २०२२ च्या नियमांनुसार जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांच्या लांबलचक परवानगीतून सूट आहे. पेंडीच्या बाजारासाठी हे छान काम आहे. झणक्याचा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही, कारण तेल दाण्यातून निघतं, पानातून नाही.

इथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. ‘नवीन मोहरी’ म्हटलं की लोकांना दिल्ली विद्यापीठाच्या दीपक पेंटल यांच्या गटाची डीएमएच-११ आठवते, जिला ऑक्टोबर २०२२ मध्ये जीईएसीने, म्हणजे जीएम पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीने, पर्यावरणात सोडण्याची शिफारस केली आणि जिच्यावरून जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. ती जीएम आहे आणि तिचा रोख संकरित बियाणं आणि उत्पादनावर आहे. कमी इरुसिकच्या पुसा वाणांचा त्या वादाशी संबंध नाही. त्यांच्यातला गुण संकर आणि निवडीतून आला आहे. शून्य इरुसिकची जी रोपं पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना सापडली आणि १९८१ मध्ये ज्यांची नोंद झाली, त्यांच्यापासून जगभरच्या कमी इरुसिक मोहरीच्या प्रजननाला मोठी चालना मिळाली. जीएमच्या भीतीपोटी कुणी या वाणांनाही नाकारत असेल, तर तो निव्वळ गैरसमजाचा बळी आहे.

मग हे वाण पसरले का नाहीत? कारण सरळ आहे. बाजारात इरुसिकला भाव नाही, आणि नसण्यालाही नाही.

जयपूरच्या बाजारात मोहरीचा भाव ‘४२ टक्के कंडिशन’वर बोलला जातो. म्हणजे दाण्यात ४२ टक्के तेल धरून. तेल त्याहून कमी भरलं की भाव उतरतो. तेलात कोणतं मेदाम्ल आहे हे आडत्या विचारत नाही, तेलगिरणीवाला विचारत नाही, हमीभावाने घेणारी सरकारी यंत्रणाही विचारत नाही. २०२४-२५ च्या रब्बीसाठी क्विंटलला ५,९५० रुपयांचा हमीभाव जाहीर झाला तो मोहरी-मोहरीत फरक न करता. हिसारच्या विद्यापीठाचं आरएच ७२५, भरतपूरचं गिरिराज किंवा एखादं खासगी संकरित वाण पेरून एकरी जास्त पोती मिळत असतील, तर अलवरच्या शेतकऱ्याने कमी इरुसिकचं वाण कुणाच्या हृदयासाठी पेरावं? कमी इरुसिकच्या सुरुवातीच्या वाणांत उत्पादन आणि तेलाचं प्रमाण थोडं मागे राहायचं, आणि तो डाग नवीन, सुधारलेल्या वाणांनाही चिकटून बसला आहे. शेतकऱ्याला समजावून काही होणार नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. बदलायचा तर हिशेबाची पाटीच बदलावी लागेल.

आणि समजा एकट्याने हौसेने पेरलं, तरी निसर्ग त्याला साथ देत नाही. हे या प्रश्नातलं सगळ्यात कमी बोललं जाणारं अंग आहे. भारतीय मोहरीत दोन पूर्वज मोहऱ्यांचे जीनोम एकत्र आले आहेत, म्हणून इरुसिक बनवणाऱ्या जनुकाच्या दोन जागा आणि चार प्रती. प्रत्येक चालू प्रत इरुसिकमध्ये आपली भर घालते. (संकराच्या दुसऱ्या पिढीत सोळातला एकच दाणा शून्याचा निघतो तो यामुळेच.) वाण कमी इरुसिकचं ठरायला चारही प्रती बंद असाव्या लागतात. पण दाण्यातलं तेल आईच्या झाडाचं नसतं, दाण्याच्या आतल्या अंकुराचं असतं, आणि अंकुरात बापाचाही वाटा असतो. शेजारच्या शेतातून मधमाशीने जुन्या वाणाचा पराग आणला, तर त्या दाण्यात त्याच हंगामात दोन प्रती चालू होतात आणि इरुसिक वीस-बावीस टक्क्यांवर जातं. म्हणजे फरक पुढच्या पिढीची वाट पाहत नाही, तो यंदाच्या पोत्यातच पडतो.

मोहरी मुख्यतः स्वपरागी आहे, आणि परका पराग आला तरी बराचसा आपल्याच शेतातला असतो. म्हणून मोठ्या सलग शेतात फारसं बिघडत नाही. पण अर्ध्या एकराच्या, चारही बाजूंनी जुन्या वाणाने वेढलेल्या तुकड्यात दहातला एक दाणा जरी शेजाऱ्याच्या परागाचा झाला, तरी साऱ्या ढिगाची सरासरी २ टक्क्यांच्या वर गेली. वाण शुद्ध, शेतकरी प्रामाणिक, आणि माल नापास. त्यात शेतकरी घरचं बी ठेवतात. दोन-तीन हंगामांत वाणाची ओळखच पुसली जाते. शेतात आधीच्या वर्षी गळालेल्या दाण्यांतून उगवणारी रोपं वेगळीच.

त्यामुळे ‘शेतकऱ्यांनी हळूहळू नवीन वाणाकडे वळावं’ हे धोरण इथे चालूच शकत नाही. कांद्याचं किंवा सोयाबीनचं वाण एकेका शेतकऱ्याने बदलत बदलत गाव बदलतं. कमी इरुसिकच्या मोहरीला आधी गाव बदलावं लागतं. सलग शंभर-दोनशे हेक्टर, एकच वाण, दर वर्षी बाहेरून आलेलं शुद्ध बियाणं, वेगळी साठवण, वेगळा घाणा. हे कृषी विस्तारकाच्या भाषणाने होत नाही. त्याला करार आणि पैसा लागतो. कॅनडात हे झालं ते शेतकरी जास्त शहाणे होते म्हणून नव्हे. तिथे सारं पीकच काही वर्षांत पालटलं, आणि इरुसिकची मर्यादा खरेदीच्या दारात तपासली जाऊ लागली.

आपल्याकडे असं दार कुठे उघडता येईल? सक्तीने नको. उद्या सरकारने जास्त इरुसिकच्या तेलावर बंदी घातली, तर हरियाणा-राजस्थानच्या बाजार समित्यांत आग लागेल आणि त्या पोकळीत सोयाबीन आणि पाम तेलाची जहाजं घुसतील. १९९८ नंतर सुट्या तेलावर बंदी आली तेव्हा लहान घाणेवाले कसे मोडले आणि पॅकबंद तेलाचे मोठे कारखाने कसे वाढले, हे उत्तरेतल्या लोकांच्या लक्षात आहे. मोहरीविरुद्ध परदेशी तेलवाल्यांचं कारस्थान आहे असं तिथे बोललं जातं, त्याला हा अनुभव खतपाणी घालतो. शिवाय जास्त इरुसिकची मोहरी निरुपयोगी नाही. प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांत जे द्रव्य घालतात ते इरुसिकपासूनच बनतं. वंगणातही ते लागतं. त्या कामासाठी वेगळं पीक हवंच.

दार उघडावं मुलांच्या ताटापासून. अंतर सगळ्यात बारीक त्यांचंच आहे. बंगाल, बिहार, झारखंड, ओडिशा, आसाम इथे शाळेतल्या पीएम पोषणच्या जेवणात आणि अंगणवाड्यांत जे मोहरीचं तेल शिजतं, ते सरकारी पैशाने येतं. त्या खरेदीच्या निविदेत एक ओळ घालायची: तेल कच्च्या घाणीचं, इरुसिक २ टक्क्यांच्या आत. मागणी ठरली की वरची साखळी आपोआप हलू लागते. तेलगिरणीवाल्याला असा माल हवा म्हणून तो शेतकरी उत्पादक कंपनीशी करार करील, वाण सांगील, क्विंटलमागे काही शे रुपये जास्त देईल. हा जादा पैसा आरोग्याच्या खात्यातून गेला तर मला त्यात गैर काही दिसत नाही. पोषणाच्या नावाने आपण तांदळात लोह मिसळतो, तेलात अ आणि ड जीवनसत्त्व घालतो. इथे घालायचं काही नाही, उलट काढलेलंच द्यायचं आहे. आणि हे तेल नाकाला तेच लागणार असल्याने स्वयंपाकीण ते परत करणार नाही. दुसरा शून्य आधी मागण्याला माझा विरोध आहे तो यासाठीच.

तपासणीचं काय, हा वाजवी प्रश्न आहे. मेदाम्लं मोजणारं गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र प्रत्येक बाजार समितीत बसवता येणार नाही. पण गावच्या गाव एका वाणाचं असेल तर प्रत्येक पोतं तपासायची गरजही नाही. ढिगांचे नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेले तरी पुरे. तेल आणि ओलावा मोजायला दाण्यावर प्रकाश टाकून वाचणारी यंत्रं आहेतच. त्यांना इरुसिकचा अंदाज काढायला शिकवता येतं आणि प्रजननकार ती तशी वापरतातही. बाटलीवरच्या चौकटीत मोनोअनसॅच्युरेटेडच्या खाली ‘त्यापैकी इरुसिक इतकं’ अशी एक ओळ छापायला लावणं तर त्याहून स्वस्त आहे, आणि ती उद्यापासून लावता येईल. मिश्र तेलाच्या बाबतीत एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, कठोर होऊन दाखवलंच आहे: जून २०२१ पासून मोहरीच्या तेलात दुसरं तेल मिसळून विकायला बंदी आहे. शुद्धतेबद्दल इतकी दक्ष असलेली संस्था शुद्ध तेलात काय आहे याबद्दल गप्प का, हे मला कळत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तेलबियांसाठीच्या राष्ट्रीय मोहिमेला मंजुरी दिली. सात वर्षं, १०,१०३ कोटी रुपये, ३९० लाख टनांवरून जवळपास ६९७ लाख टनांपर्यंत तेलबियांचं उत्पादन नेण्याचं उद्दिष्ट. त्यात ३४७ जिल्ह्यांत सहाशेहून अधिक मूल्यसाखळी क्लस्टर, म्हणजे पेरणीपासून विक्रीपर्यंत एकत्र चालणारे शेतीचे गट, उभारायचे आहेत. त्यांतल्या शेतकऱ्यांना चांगलं बियाणं आणि मार्गदर्शन मिळणार, आणि ते चालवायला शेतकरी कंपन्या आणि सहकारी संस्था असणार. गावचं गाव एका वाणाखाली आणायला जी चौकट लागते ती हीच. भरतपूर, अलवर, टोंक, मुरैना या पट्ट्यातले पाच-दहा क्लस्टर सिंगल झिरो वाणांसाठी राखून ठेवायचे आणि त्यांचं तेल पूर्वेकडच्या दोन राज्यांच्या शाळांना जोडून द्यायचं, एवढ्यासाठी नवीन कायदा लागत नाही की नवीन शोध. बियाणं पुसाच्या गोदामात आहे. पेरणी ऑक्टोबरात असते, म्हणजे कोणत्या क्लस्टरला कोणतं वाण जाणार याची यादी उन्हाळ्यातच व्हावी लागेल, आणि त्या यादीत उत्पादनाच्या रकान्याशेजारी मेदाम्लाचाही एक रकाना असावा लागेल.